खर्ड्याची लढाई, जत्रेतले घोडे आणि एम-सील

खर्ड्याची लढाई शेवटी मे महिन्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर झाली. ठरवली होती ११ मार्चला, कारण मराठ्यांची निजामाशी खरी लढाई १७९५ साली त्याच तारखेला झाली होती. पण मार्चमध्ये मुलीची परीक्षा आणि माझं बँकेतलं वर्षअखेर एकदम आलं, आणि निजामाचं निम्मं घोडदळ तेव्हा रंगाविना खिडकीत उभं होतं.

हे लिहून ठेवतोय ते यासाठी, की प्लास्टिकचे छोटे सैनिक जमवून टेबलावर लढाया खेळायचा छंद सांगलीसारख्या गावात करायचा म्हटलं तर विचारायला माणूस सापडत नाही. परदेशातले लोक जे सांगतात ते त्यांच्या गावात चालतं. तिथं कोपऱ्यावरच्या दुकानात सैनिकांचा डबा मिळतो. इथं कस्टम्स आहे, जत्रा आहे आणि दिवाळीचा किल्ला आहे, आणि तिन्हींचा उपयोग करून घ्यावा लागतो.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन माणसं, दोन सैन्यं, टेप, फासे. कोण किती इंच पुढं सरकणार, बंदूक कुठवर पोचणार, कोण कधी पळून जाणार याचे नियम. मूळ प्रकार आजच्या जर्मनीतल्या प्रशियाच्या लष्करातला. राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याचे नियम १८२४ मध्ये तिथल्या लष्करानं प्रशिक्षणासाठी घेतले. पुढं हा खेळ घराघरांत गेला आणि १९५९-६० च्या सुमारास एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीनं मऊ प्लास्टिकचे बोटाच्या पेराएवढे सैनिक डब्यात भरून विकायला काढले, तेव्हा तो पोरांच्या खिशाला परवडायला लागला. त्यातूनच १/७२ हे माप रूढ झालं. पावणेसहा फुटी माणूस या मापात साधारण २४ मिलिमीटर भरतो. हे माप एकदा ठरवलं की मोडायचं नाही. दुकानात छान दिसली म्हणून ५४ मिलिमीटरची आकृती उचलली की ती कायम शोकेसमध्येच बसते.

खर्डाच का? माझा मित्र, जो या सगळ्यात बरोबर होता, त्याला प्रतापगड हवा होता. पण १/७२ मध्ये मावळे मला कुठं मिळाले नाहीत. लाल डगलेवाले इंग्रज मात्र पोत्यानं मिळतात, कारण वॉटर्लूच्या लढाईचा सेट बहुतेक प्रत्येक कंपनी काढते. आता खर्ड्याला बघा. एका बाजूला निजामाचा फ्रेंच सरदार रेमाँ, त्याच्या कवायती पलटणी. दुसऱ्या बाजूला शिंद्यांच्या पलटणी घेऊन आलेला पेराँ. शिंद्यांच्या तैलंगी शिपायांचा डगला लाल आणि पागोटं निळं. म्हणजे वॉटर्लूचा इंग्रज घ्यायचा, त्याची टोपी कापायची आणि पागोटं बांधायचं. शिवाय मराठी फौजेचे सेनापती होते तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन. सांगली-मिरज-तासगाव पट्ट्यातल्या माणसाला यापेक्षा घरची लढाई कुठली मिळणार?

मग आकडेमोड. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनं मराठी फौज एक लाख तीस हजार आणि निजामाची एक लाख दहा हजार धरली आहे. एका आकृतीमागं दोन हजार माणसं धरली की ६५ विरुद्ध ५५. हे झेपण्यासारखं होतं. अडचण वेगळीच होती. त्यात बहुतेक घोडेस्वार. पायदळाच्या डब्यात चाळीस-पन्नास माणसं येतात, घोडदळाच्या डब्यात पंधरा-सतरा, आणि किंमत जवळपास तीच. सगळं घोडदळ बाहेरून मागवायचं म्हटलं असतं तर छंद तिथंच संपला असता.

म्हणून सुरुवात तासगावातून केली. २० सप्टेंबर २०२३, ऋषिपंचमी, तासगावच्या गणपतीचा रथोत्सव. हे मंदिर परशुरामभाऊंनीच बांधलेलं, सात मजली गोपुराचं. गुलालात माखून रथ पुढं गेला की आम्ही दोघं उलट्या दिशेला, खेळण्यांच्या पालांकडं. खिशात स्टीलची पट्टी होती. ती घेऊन जाच. माप पायापासून डोळ्यापर्यंत घ्यायचं, टोपी धरायची नाही. टोपीनं फसगत होते. घोडा खांद्यापाशी मोजायचा. १८ ते २० मिलिमीटर मिळाला तर उत्तम, कारण मराठ्यांची भीमथडी तट्टं मुळातच बुटकी. हत्ती ४२ च्या आसपास हवा, बैल २० च्या.

"मावशी, घोडं कसं दिलं?"

"वीसला पाकीट. पन्नासला तीन न्या."

"नुसते घोडेच पाहिजेत. वाघ-जिराफ नकोत."

"सुट्टं नाही देत बाबा. पोरगं किती वर्षांचं हाय?"

"चव्वेचाळीस," माझा मित्र माझ्याकडं बोट करून म्हणाला. मावशींनी मला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं आणि पाकिटं उघडून घोडे निवडायला दिले.

जत्रेतल्या जनावरांच्या पाकिटात हत्ती, गाय आणि वाघ एकाच उंचीचे असतात हे लक्षात ठेवा. हत्ती बहुतेक वेळा फुकट जातो. बैल मात्र नामी निघतात. ते तोफा ओढायला लागतात. खरी लॉटरी लागली ती काउबॉयच्या पाकिटात. हे जुन्या परदेशी आकृत्यांवरून काढलेले स्वस्त नमुने असतात, चेहरा पुसट, कडेला प्लास्टिकच्या झालरी, पण माप अचूक आणि स्वार घोड्यावर नीट बसतो. त्या दिवशीचा सगळा खर्च ४६० रुपये, त्यात भेळ आणि एसटी धरून. हिरवे, बंदूक रोखलेले आधुनिक जवान ढिगानं होते. त्यांना हात लावला नाही.

उरलेलं बाहेरून. इटालेरी कंपनीचं १८१५ चं ब्रिटिश पायदळ, एक नेपोलियनकालीन तोफखाना आणि झ्वेझ्दा कंपनीचं सोळाव्या-सतराव्या शतकातलं तुर्की घोडदळ, जे निजामाच्या मोगलाई रिसाल्याला शोभतं. भारतात काही डबे मिळतात, पण खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० वर गेलं, त्यामुळे इथल्या दुकानदाराला स्वस्त विकणं परवडत नाही आणि हवा तो सेट असेलच असं नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ब्रिटनमधल्या एका दुकानाला ऑर्डर दिली. टपालखर्च धरून ३,४०० रुपये झाले.

इथं दोन गोष्टी आवर्जून करा. विक्रेत्याला सांगा की पार्सलवर 'गिफ्ट' लिहू नको आणि किंमत कमी दाखवू नको. भेटवस्तू म्हणून शुल्क न भरता मागवायची सवलत डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली आहे. राखी आणि जीवरक्षक औषधं एवढाच अपवाद. दुसरं, वर्णन सविस्तर लिहून घ्या: प्लास्टिकच्या, न रंगवलेल्या, १/७२ मापाच्या मॉडेल आकृत्या, तीन डबे. जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, प्रमाणपत्र सक्तीचं आहे. त्या आदेशात खेळणं म्हणजे चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळायची वस्तू. नुसतं 'टॉय' लिहिलेलं पार्सल उगाच प्रश्न ओढवून घेतं.

ट्रॅकिंग नंबरच्या शेवटी ब्रिटनची अक्षरं असतात आणि तोच नंबर भारतीय टपालाच्या साइटवर चालतो. पार्सल मुंबईत उतरलं, कस्टम्सकडं गेलं आणि तिथं शांतता पसरली. रोज सकाळी चहाआधी नंबर टाकून बघायचा, तेच वाक्य. घरात चेष्टा सुरू झाली. दिवाळीच्या तोंडावर पत्र आलं: बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि ओळखपत्राची प्रत पाठवा. अशा पत्रानं घाबरायचं कारण नाही, ते चौकशीचं पत्र असतं. बिलाची पीडीएफ, कार्डाच्या स्टेटमेंटवरची ती एक ओळ (बाकीच्या ओळी झाकून) आणि आधारची प्रत एकाच ईमेलमध्ये पाठवली, विषयाच्या जागी पार्सलचा नंबर घातला. ही कागदं ऑर्डर देतानाच एका फोल्डरमध्ये ठेवली तर धावपळ होत नाही.

वाट बघण्यात दिवाळी आली. आमच्या गल्लीत पोरं अजून किल्ला करतात, अळीव-मोहरी पेरून. बाजारात किल्ल्याची चित्रं मांडलेली असतात. मातीचे आणि प्लॅस्टरचे मावळे आपल्या मापाला फार मोठे, पण बुरूज आणि दरवाजे बघा. सैनिकांपेक्षा इमारती जरा लहान असल्या तरी टेबलावर नजरेला खटकत नाहीत. उलट मोठ्या ठेवल्या तर जागा खातात. प्लॅस्टरचे चार बुरूज आणि एक दरवाजा १८० रुपयांना घेतला. निजाम माघार घेऊन ज्या खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला तो तयार झाला. भाऊबीज झाली की विक्रेते उरलेला माल कमी भावात काढतात, तेव्हा जा.

पार्सल नोव्हेंबरच्या शेवटी आलं. पोस्टमनदादांनी पावती पुढं केली: २,६२८ रुपये शुल्क, वर टपाल खात्याचं किरकोळ. हिशोब असा होता. वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या मालावर तेव्हा मूळ शुल्क ३५ टक्के, त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्यासकट झालेल्या रकमेवर २८ टक्के आयजीएसटी. एकूण ७७.२८ टक्के, आणि तेही टपालखर्च धरून. नंतरच्या अर्थसंकल्पांत हा दर बदलला आहे, म्हणून मागवण्याआधी चालू दर बघून घ्या. माझी एकेक आकृती साठ-सत्तर रुपयांना पडली. जत्रेतला घोडा तीन-चार रुपयांना. दोघांना शेजारी शेजारी ठेवून सौ. म्हणाली, "अहो, यातला महाग कुठला?" मी विषय बदलला.

हिवाळा तयारीत गेला आणि इथंच सगळ्यात जास्त मजा आली. हे मऊ प्लास्टिक म्हणजे पॉलिथिन. त्याला रंग धरत नाही, साधा गोंद चिकटत नाही, फेविक्विकसुद्धा काही दिवसांनी टक्कन सुटतं. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य आधी भांडी घासायच्या लिक्विडनं आणि जुन्या टूथब्रशनं धुऊन काढायचं. वाकलेले भाले आणि बंदुका गरम पाण्यात धरून सरळ करायच्या आणि लगेच गार पाण्यात बुडवायच्या. मग पातळ केलेल्या फेविकॉलचा एक हात. तो सुकला की आकृतीभोवती पारदर्शक कातडं तयार होतं आणि त्यावर फेविक्रिलचे साधे ॲक्रिलिक रंग छान बसतात. रंग झाल्यावर वरून पुन्हा फेविकॉलचं पाणी किंवा वॉर्निश. बंदूक वाकली की रंगाची खपली उडते, ती यामुळे बरीच थांबते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं एवढं स्वस्त प्रायमर दुसरं नाही.

पागोट्यांना एम-सील. नळाची गळती थांबवायला घरात असतं तेच. इंग्रजाची उंच टोपी ब्लेडनं अर्धी छाटायची. एम-सीलचे दोन भाग सारखे घेऊन करडा रंग एकजीव होईपर्यंत मळायचे, हातमोजे घालून. मग ओल्या काचेवर बोटानं वळून शेवईसारखी बारीक दोरी काढायची, डोक्याभोवती दीड वेढा द्यायचा, टोक मागं चेपायचं आणि ओल्या सुईनं तिरक्या चिरा मारायच्या. त्या चिरा म्हणजेच कापडाच्या घड्या. वरून पातळ तपकिरी रंगाचं पाणी सोडलं की त्यात साचतं आणि पागोटं उठून दिसतं. एका वेळी पाच-सहा डोक्यांपुरतंच मळा. अर्ध्या तासात ते हट्टी व्हायला लागतं.

काउबॉयची हॅट अशीच छाटली, फक्त कड थोडी ठेवली. त्यांच्या हातातलं पिस्तूल कापून तिथं तापवलेल्या टाचणीनं भोक पाडलं आणि दुसरी टाचणी आरपार घातली. झाला भालाईत. टाचणीचं डोकं पक्कडीनं चपटं केलं की भाल्याचं पातं होतं. लहान मुलं घरात असतील तर टाचणी नको, जुन्या टूथब्रशचे केस वापरा. एका स्वाराच्या हातात दोराचा फास होता. तो तसाच ठेवला. पेंढारी म्हणून खपून गेला.

नागपूरकर भोसल्यांचे बाण हे खर्ड्याचं वैशिष्ट्य. मोगलाई घोडदळ पुढं आलं तेव्हा पेराँच्या तोफा आणि भोसल्यांच्या बाणांचा वर्षाव यांनी ते मोडलं. हे बाण म्हणजे दांड्याला बांधलेलं रॉकेट. त्यासाठी झाडूचा हीर आणि त्याच्या टोकाला एम-सीलची नळी. धुराला कापूस.

सैनिक ज्यावर चिकटवायचे त्या चौथऱ्यांना लग्नपत्रिका. घरात साठलेल्या जाड पत्रिका तीन थरांत चिकटवून कापल्या. पायदळाला तीन माणसांचा एक तुकडा, घोडदळाला दोघांचा. वरती कृष्णेची वाळू. ती चहाच्या गाळणीनं चाळून घेतली. ही गाळणी वेगळी विकत आणा, एवढंच सांगतो. झाडं केकच्या सजावटीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळाली, दहा रुपयांना एक.

झेंडे कागदाचे, दोन्ही बाजूंनी रंगवून फेविकॉलनं ओले असतानाच लाटेसारखे वळवले. रेमाँच्या फौजेला फ्रेंच तिरंगा. हा तपशील लोकांना खोटा वाटतो, पण क्रांतीनंतरचा तो झेंडा हैदराबादच्या त्या पलटणी खरोखर मिरवत होत्या आणि इंग्रजांना तेच खुपत होतं. शिवाय दोन्हीकडं लाल डगले असल्यानं टेबलावर ओळखायला दुसरा मार्ग नव्हता. निजामाकडं बायकांची एक पलटणही होती, जनान्याच्या पहाऱ्यावरची, जफर पलटण. ती खर्ड्याला लढली. हे कळल्यावर माझ्या मुलीनं ब्रश हातात घेतला. तोपर्यंत तिचा या प्रकाराशी संबंध "बाबा, टेबल कधी मोकळं होणार" एवढाच होता. तिनं त्यांचे डगले रंगवले, आणि बटणं टाचणीच्या टोकानं दिली. माझ्या कुठल्याही शिपायाला बटणं नाहीत.

परीक्षा संपल्या, निकाल लागला आणि मेच्या एका रविवारी पंखा बंद करून (झेंडे उडतात) डाव मांडला. नियम आमचेच. पायदळ सहा इंच, घोडदळ बारा, तोफ चोवीस इंचांपर्यंत. ल्यूडोचा फासा, चारच्या वर लागला तर मार. सहा फेऱ्यांनंतर अंधार पडतो आणि अंधारात निजामानं दर फेरीला फासा टाकायचा. एक पडला तर गोटात घबराट आणि किल्ल्याकडं माघार. इतिहासातही त्या रात्री तेच झालं. कत्तल फार झालेली नसताना निजामाची फौज रात्री बिथरली आणि खर्ड्याच्या गढीत अडकली. पुढं दिवाण मुशीरुल्मुल्काला मराठ्यांच्या ताब्यात देऊन तह करावा लागला.

मित्र मराठ्यांकडून, मी आणि मुलगी निजामाकडून. त्यानं भोसल्यांचे बाण पहिल्याच फेरीत उडवून टाकले आणि माझं झ्वेझ्दाचं सगळ्यात महाग घोडदळ मागं फिरलं. साठ-सत्तर रुपयांचा एकेक स्वार तीन-चार रुपयांच्या घोड्यांपुढं पळताना बघणं जिवावर आलं. मधल्या ओढ्यावर जफर पलटण उभी होती. तिच्यावर पेराँचे दोन तुकडे तुटून पडले आणि मुलीनं लागोपाठ पाच, सहा, पाच टाकले. अंधार पडला तरी ओढा आमच्याकडं. मग मी फासा टाकला. एक.

नियमाप्रमाणं आम्ही हरलो. पण वाद त्याचा झालाच नाही; वाद झाला परशुरामभाऊंचा. आमच्या नियमात सेनापती स्वतः चढाईत गेला आणि एक पडला तर तो जखमी होऊन एक फेरी बाद होतो. मित्रानं भाऊंना पुढं काढलं, एक पडला, आणि त्याची एक फेरी वाया गेली. "एवढा मोठा सेनापती असा पुढं जाऊन जखमी होतोय होय रं? कायतरीच नियम तुझा." मी सांगितलं की खर्ड्याला टेहळणीला पुढं गेलेल्या भाऊंवर पठाण घोडेस्वार तुटून पडले आणि ते खरंच जखमी झाले. तो ऐकायला तयार नाही. नियम बदलल्याशिवाय पुढचा डाव मांडणार नाही म्हणतो. मी ग्रँट डफचं ते पान खूण घालून ठेवलंय, येत्या रविवारी त्याला जेवायलाच बोलावलंय.